मागच्या खोलीतल्या आवाजाबद्दल खुलासा

आदरणीय दादा,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत, आणि वहिनींची पाठदुखी उतरली का? हे मागच्या फोनवरच विचारायचं होतं, पण त्या फोनवर मी काहीच विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "स्फोट झाला म्हणे?" मी म्हणालो, "हं." तुम्ही म्हणालात, "म्हणजे खरंच झाला?" मी पुन्हा म्हणालो, "हं." मग वहिनींनी फोन घेतला आणि त्यांनाही माझ्याकडून तेवढंच मिळालं. (फोन मला कधीच जमला नाही. समोरचा माणूस दिसत नसला की आपण बोलायचं की त्याने, हेच मला कळत नाही.) म्हणून पत्र लिहितो आहे. माझी सगळी नोकरी यंत्रांची रेखाटनं काढण्यात गेली. कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मावेल त्याहून जास्त मजकूर लिहायची सवय नाही, त्यामुळे हे पत्र लांबलं तर कुठे आवरायचं ते मला कळलं नाही असं समजा.

सुरुवातीलाच सांगतो, स्फोट झालेला नाही. चकती फुटली. स्फोटात जे फुटायला नको ते फुटतं. आपल्या यंत्रात एक पातळ चकती मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. दाब हाताबाहेर गेला तर तिनेच आधी फुटायचं आणि सगळा वायू नळीवाटे खिडकीबाहेर सोडायचा, हे तिचं कामच आहे. तिने ते चोख केलं. आवाज मोठा झाला हे कबूल. पण तुमच्यापर्यंत जी बातमी पोचली, भिंत पडली, मला भाजलं, घरमालक बेशुद्ध झाले वगैरे, ती मोठ्या ताईंच्या यजमानांनी, म्हणजे माझे साडू आणि तुमचे मेहुणे यांनी पोचवली असणार. ते त्या दिवशी इथे नव्हते. ते असते तर बातमी याहून मोठी झाली असती.

आता पहिल्यापासून सांगतो. तुमची धाकटी बहीण त्या खोलीत काय करायची ते तुम्हाला अर्धं माहीत आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची तुम्ही "सोड्यातून लोखंड काढते" अशी थट्टा करत आलात. ते लोखंड नव्हे, निओडिमियम. (हे नाव तुमच्या तोंडून आजवर एकदाही पूर्ण निघालेलं नाही. तिने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.) जुन्या लाउडस्पीकरांतली चुंबकं फोडायची, भाजायची, कुटून पूड करायची. त्या पुडीत हा दुर्मिळ धातू असतो. तो काढायची नेहमीची रीत म्हणजे हौदच्या हौद भरून तेजाब ओतायचं आणि मग ते घाण पाणी कुठे सोडायचं म्हणून एकमेकांची तोंडं बघायची. प्रयोगशाळेतल्या नोकरीत तिने ते हौद पुरेसे पाहिले होते. तिची रीत वेगळी. तुमच्या सोड्याच्या कारखान्यात बाटलीत फसफसतो तोच वायू घ्यायचा, भरपूर दाबायचा आणि अंगाला जेमतेम ऊब लागेल एवढा तापवायचा. मग तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. वायूसारखा पुडीच्या कणाकणात शिरतो आणि द्रवासारखं विरघळवतो. धातू मात्र आपण होऊन त्याच्याबरोबर निघत नाही, त्यासाठी एक मध्यस्थ रसायन लागतं. ते धातूला हाताला धरून बाहेर आणतं. शेवटी दाब सोडला की वायू आल्या वाटेने निघून जातो आणि धातू क्षाराच्या रूपात खाली उरतो. आला, काम केलं, पसारा न करता गेला, अशा पाहुण्याचं धाकटीला फार कौतुक होतं. (आमच्याकडे साडू महिन्यातून दोनदा मुक्कामाला येत असत.)

हे वेड तिला तुमच्याच कारखान्यात लागलं, असं ती सांगायची. लहानपणी भरलेल्या बाटल्यांना कान लावून बसायची आणि तुम्ही तिला वेणीला धरून उठवायचात. पुढे तुम्हीच वायूच्या टाक्या पाठवत राहिलात, प्रत्येक टाकीबरोबर एक टोमणा, आणि टोमण्याचे पैसेही कधी लावले नाहीत.

कामाची वाटणी आमची ठरलेली होती. ते जाड पोलादी भांडं टेबलावर, आणि मधे सुरक्षेसाठी उभा केलेला पत्रा. पत्र्याच्या एका बाजूला गेज आणि हातपंप, ती बाजू माझी. दुसऱ्या बाजूला भांड्याची बोटभर रुंद काचेची खिडकी आणि एक स्टूल, ती बाजू तिची. मी पंप मारायचा आणि दाबाचा आकडा मोठ्याने वाचायचा. ती खिडकीतून आत बघायची. आत वायू आणि द्रव यांच्यामध्ये पाण्यावर असते तशी एक रेषा दिसते म्हणे, आणि दाब नि ऊब जुळून आली की ती रेषा पुसट होत होत नाहीशी होते. ती नाहीशी झाली, आणि पुढे तिच्या मनासारखं सगळं एकजीव झालं, की ती म्हणायची, "थांबा." मी थांबायचो. एवढंच. ती रेषा मी कधी पाहिली नाही आणि गेजचा काटा तिने कधी पाहिला नाही. पाहायची गरजच नव्हती. साडू एकदा म्हणाले होते की तुम्हा नवराबायकोत बोलणं म्हणून काही होत नाही. त्यांना हे बोलणं मोजता आलं नसणार, कारण ते आले की आम्ही यंत्र बंद ठेवत असू.

आता सध्याचा पेच. खोली घरमालकांची. त्यांना ती महिनाअखेर हवी आहे, जावयाची गाडी ठेवायला. त्यांचं काही चुकत नाही, धाकटीसाठी म्हणून त्यांनी ती इतके दिवस दिली. यंत्र कुठे जायचं तेही ठरलं आहे, तिच्या जुन्या प्रयोगशाळेतली मंडळी येऊन घेऊन जाणार आहेत. फक्त एक बरणी उरली आहे. तिने स्वतः भाजून, कुटून, चाळून, वजन करून ठेवलेली पूड. दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी तिने झाकण लावलं आणि आल्यावर करू म्हणाली. तुम्ही फोनवर म्हणता की ती गेली, संपलं, ते सगळं मोडीत काढा. दादा, यंत्र मी देऊन टाकतो, खोली देतो, तुम्ही म्हणाल तर स्टूलही देतो. पण ती बरणी मी फेकणार नाही आणि कुणाला तशीच देणारही नाही. त्यातला धातू काढून, बाटलीत भरून, मग खोलीला कुलूप लावणार. याबाबत माझं मत बदलेल अशी वाट कुणी बघू नये. मला मतं फार नाहीत, त्यामुळे आहेत ती टिकतात.

तर काम दोन माणसांचं आणि माणूस एक. पहिला विचार साडूंचा आला, कारण ते तेव्हा मुक्कामाला होतेच. बस खात्यात तपासनीस होते, आकडे वाचायची सवय असणार, असा मी हिशेब केला. मी पंप घेऊन खिडकीपाशी जायचं आणि त्यांनी गेज वाचायचं असं ठरलं. कोरडी तालीम म्हणून थोडा दाब चढवला आणि मी विचारलं, किती? साडू म्हणाले, काटा आता साधारण चाळीसच्या पुढे आहे, पण हे गेज चुकीच्या उंचीवर लावलंय, आमच्याकडे अशी चूक झाली असती तर खुलासा मागितला असता, आणि काच पुसली आहे का कुणी, बरं आता पन्नास म्हणायला हरकत नाही, पण मला विचाराल तर हा सगळा उद्योगच... मी पत्र्याआडून वाकून पाहिलं तोवर काटा साठाच्या पुढे गेला होता. मी पंप सोडला. त्यांनी माझ्याकडे पत्र्याच्या वरून डोकावून विचारलं की मी लगेच कसा थकलो, आणि पुढे दोन दिवस मला व्यायाम सांगितले. त्यांना गाडीत बसवून दिलं आणि मी एकट्यानेच करायचं ठरवलं.

एकट्याने करायचं तर खिडकी आणि गेज दोन्ही एका जागेवरून दिसायला हवं. गेज भिंतीच्या नळीला पक्कं आहे, पण हातपंपाची नळी लांब आहे. पंप पुन्हा मी तिच्या स्टुलापाशी आणला. स्टुलावर बसलो. (ते ठेंगणं आहे. माझे गुडघे हनुवटीपर्यंत येतात. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण तिचे येत नसणार.) आणि समोरच्या भिंतीवर न्हाणीघरातला आरसा टांगला, म्हणजे पत्र्यापलीकडचं गेज त्यात दिसेल. रेखाटन करून, कोन मोजून टांगला. रेखाटनाच्या कामात मी कच्चा नाही. ट्रेसिंग पेपर उलटा धरूनही मी अख्खं यंत्र वाचून दाखवायचो आणि साहेब लोक ते बघायला पाहुणे घेऊन यायचे, हे तुम्हाला माहीत आहे. भांड्यात पूड घातली नव्हती, रिकाम्या भांड्याची तालीमच करायची होती, हे फार बरं झालं.

सकाळची वेळ होती. घरमालकांनी अंगणात कपडे नुकतेच वाळत घातले होते. मी पंप मारू लागलो, आणि सवयीप्रमाणे आकडेही मोठ्याने वाचू लागलो. आता आरशात सगळं उलट दिसतं. काटा उजवीकडे चढतो तो आरशात डावीकडे जाताना दिसतो. मला वाटलं दाब उतरतो आहे, कुठेतरी गळती असणार. म्हणून मी आणखी जोराने पंप मारला. काटा आणखी डावीकडे गेला. मी आणखी मारला. गेजवर मी स्वतः रंगवलेली लाल रेघ काट्याने ओलांडली, आणि चकतीने आपलं काम केलं. झालेला प्रकार एवढाच. आरसा आणि मी, आमच्या दोघांत गैरसमज झाला.

नळी खिडकीबाहेर अंगणात उघडते. इतक्या दाबाखालचा वायू एकदम मोकळा झाला की तो इतका गार होतो की त्याचा बर्फ पडतो. पांढऱ्या धुक्याचा एक लोट बाहेर गेला आणि नेमका घरमालकांच्या ओल्या पँटवर बसला. खोलीची दारं-खिडक्या नियमाप्रमाणे उघडी होती, मी बाहेर येऊन मोकळ्या हवेत उभा राहिलो. धुकं विरलं तेव्हा दोरीवर सगळे कपडे वाऱ्याने हलत होते आणि एक पँट हलत नव्हती. घरमालक खाली आले. ते न्यायालयात लिपिक होते, त्यामुळे आधी त्यांनी घटनास्थळ पाहिलं, मग दोरीवरचे चिमटे काढले. पँट खाली पडली नाही. ती फरशीवर, स्वतःच्या पायांवर, थोडे गुडघे वाकवून उभी राहिली. आम्ही दोघं बराच वेळ तिच्यासमोर उभे होतो. मग ते म्हणाले, "ही माझी आहे का, एवढं तरी सांगा."

मी म्हणालो, "हं."

पुढची चौकशी अंगणातच झाली. पुरावा म्हणून आधीच्या खेपांतली भरलेली बाटली मी बाहेर आणली, म्हणजे आत काहीतरी कामाचं चालतं हे त्यांना दिसावं. ते म्हणाले, छान जांभळट गुलाबी रंग आहे. मी म्हणालो जांभळटच आहे, पण धाकटी ती निळी आहे म्हणायची. आम्ही आत गेलो, ट्यूबलाइटखाली बाटली धरली, आणि ती निळसर दिसली. बाहेर आणली, जांभळट. पुन्हा आत नेली. घरमालकांनी चार वेळा आत-बाहेर केलं आणि पँटचा विषय थोडा मागे पडला. (या धातूचा क्षार उजेड बघून रंग बदलतो. ती आत बसून बाटली भरायची, मी अंगणातून नेऊन ठेवायचो. बाटली निळी की जांभळी यावरून आमचा वाद वर्षानुवर्षं चालला. तिला कारण माहीत असणारच, ती रसायनाचीच माणूस. मला सांगितलं नाही. वाद संपू नये असं वाटलं असेल.)

निकाल असा लागला. खोली महिनाअखेर रिकामी करायची, त्यात बदल नाही. त्याआधी यंत्र एकदाच चालवायला परवानगी, तीही दुसरी जबाबदार व्यक्ती हजर असेल तर. जबाबदार या शब्दात साडू बसत नाहीत, हे त्यांनी आपण होऊन स्पष्ट केलं. मी दोन आरशांची योजना मांडली. एका आरशात उलट दिसलेलं दुसऱ्यात सुलट होतं, आणि दोन आरसे लावले की खोलीत माझ्यासारखी बरीच माणसं हजर दिसतात. त्यांनी हा युक्तिवाद फेटाळला.

तरीही काळजीचं कारण नाही. धाकटीने एक जादा चकती डब्यात ठेवली होती, ती मी बसवली. नुसती हवा भरून सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले, कुठे बुडबुडा नाही. बरणी जागेवर आहे. घरमालकांचा होकार मी मिळवीन, मला घाई नाही, अंगणात रोज सकाळी त्यांच्यासमोर नुसता उभा राहतो. ते परवा म्हणाले की न बोलणाऱ्या पक्षकाराचा त्यांना आयुष्यभर त्रास झाला आहे. महिना संपायच्या आत ती पूड भांड्यात जाईल आणि धातू बाहेर येईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका आणि गुडघे घेऊन इतका प्रवास तर मुळीच करू नका. मला कशाचीही गरज नाही.

वहिनींना नमस्कार. मुलाला आशीर्वाद, त्याने कारखाना चांगला सांभाळला आहे असं ऐकतो.

तुमचा,
धाकटीचा नवरा

ता. क. गरज नाही असं वर लिहिलं आहे, त्यात एक दुरुस्ती. त्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी झाली. एक भरलेली टाकी पाठवलीत तर बरं होईल. टोमणा पाठवला नाही तरी चालेल, पण पाठवलात तर तो मी खोलीत वाचून दाखवीन.

ता. क. २. टाकी गाडीत आडवी टाकून आणायची नसते, हे तुम्हीच ड्रायव्हरला दरवेळी ओरडून सांगायचात, आणि तो दरवेळी आडवीच टाकून आणायचा. तेव्हा शेजारी कुणीतरी टाकी धरून बसलेलं बरं. वहिनी म्हणाल्या की हल्ली तुम्ही कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसता आणि आत जात नाही. गाडीतही बसूनच यायचं असतं. ती गेल्यावर तुम्ही इथे होता तेव्हाही मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहिलात आणि दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात एवढंच बोललात. बिजागऱ्यांना तेल घातलं आहे.

ता. क. ३. आरशाचं मी वर लिहिलं तेच घरमालकांना आणि साडूंना सांगितलं आहे. ते खरं नाही. उलटं वाचण्यावर मी जन्मभर पोट भरलं, एका आरशाने माझा घोटाळा होत नाही. काटा मला स्वच्छ दिसत होता, चढतो आहे हेही कळत होतं. मी आकडे बरोबर वाचत होतो. खिडकीकडे मी पाहिलंच नाही, बसलो होतो तिच्या स्टुलावर तरी. पुढचा आकडा वाचायचा आणि थोडं थांबून ऐकायचं, मग पुढचा, अशी सवय आहे. लाल रेघेचा आकडाही मी वाचला. पुढचाही वाचला.

तर दादा, दोन आरसे नकोत मला. पंप मी पुन्हा माझ्या बाजूला नेऊन ठेवला आहे. तुम्ही या आणि तिच्या बाजूला बसा. स्टुलावर उशी ठेवतो, तुमच्या गुडघ्यांना जमेल. धातूचं नाव येत नसलं तरी काही अडत नाही. खिडकीत एक रेषा दिसेल, ती पुसट होत जाईल. ती पूर्ण गेली आणि आत सगळं एकच दिसू लागलं की "थांबा" म्हणा. दुसरं काही बोलायची गरज नाही. मी थांबेन.